दरडीनंतरची माती

सह्याद्रीत कोसळलेल्या दरडीचा वण फार दिवस तांबडा राहत नाही. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या बाजूला, जिथे माती-दगडांचा लोंढा येऊन थांबलेला असतो तिथे, गवत उगवते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कडेची झुडपे आत सरकतात. पाच-सात वर्षांनी समोरच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला तो वण हुडकावा लागतो, आणि गावातले जाणते सोडले तर दरड नेमकी कुठून सुटली होती हे कुणाला दाखवता येत नाही. या हिरवळीला आपण डोंगर सावरल्याची खूण मानतो. पण त्या झाडोऱ्यात शिरून लोखंडी सळई ठोकून पाहावी. वणाच्या वरच्या भागात ती वीतभर आत जाऊन कातळावर आपटते, आणि चार पावले बाजूला, न ढासळलेल्या रानात, तीच सळई कमरेइतकी आत जाऊ शकते.

हा फरक भरून यायला किती काळ लागतो? तो कशाने भरतो? आणि भरत असताना तो उतार अधिक सुरक्षित होत जातो की अधिक धोक्याचा? या प्रश्नांवर जगात ठिकठिकाणी काम झाले आहे, कुठे भूरूपशास्त्रज्ञांनी, कुठे वनशास्त्रज्ञांनी, कुठे कुरणांची काळजी असलेल्या कृषी संशोधकांनी. त्यांनी एकमेकांचे फारसे वाचले नाही, म्हणून एकाच प्रश्नाची तीन-चार निराळी उत्तरे शेजारीशेजारी पडून राहिली. ती एकत्र आणून मराठी वाचकासमोर ठेवणे हा या संग्रहाचा हेतू आहे. डोंगराखाली राहणाऱ्या, डोंगरावर झाडे लावणाऱ्या आणि डोंगरातून रस्ते काढणाऱ्या माणसांना या विषयाची गरज आहे, असे मला मनापासून वाटते.

आधी उथळ दरड म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा विषय तिच्याभोवती फिरतो. डोंगरउतारावर खडकाच्या वर माती आणि मुरूम यांचा एक थर असतो, बहुधा अर्धा ते दोन मीटर जाडीचा. संततधार लागून राहिली की पाणी या थरातून खाली झिरपते, पण खालचा खडक ते तितक्या वेगाने आत घेऊ शकत नाही. मग माती आणि खडक यांच्या सांध्याशी पाणी तुंबते. तुंबलेल्या पाण्याचा दाब मातीच्या कणांना एकमेकांपासून सुटे करू लागतो, त्यांच्यातले घर्षण घटते, आणि एका क्षणी मुळांसकट, झाडांसकट सगळा थर घसरतो. एक चौरस मीटर उतारावरची मीटरभर जाडीची भिजलेली माती पावणेदोन ते दोन टनांची असते, यावरून सुटलेल्या थराची ताकद लक्षात यावी. खुद्द खडकात खोलवर भेग जाऊन डोंगराचा मोठा भाग खचतो ती दरड वेगळी. तिची कारणे वेगळी आणि तिचा काळही वेगळा. तिला या पुस्तकात जागा नाही.

उथळ दरडीत माती जाते, डोंगर मात्र जागेवर राहतो. म्हणून त्याच ठिकाणी पुन्हा दरड यायची तर आधी तिथे पुन्हा माती साचावी लागते. पाऊस कितीही पडला तरी उघड्या कातळावरून घसरायला काही उरलेले नसते. या एका साध्या गोष्टीमुळे मातीच्या पुनर्भरणाचा अभ्यास हा दरडींच्या भविष्याचाही अभ्यास ठरतो.

माती परत येते ती दोन वाटांनी. पहिली वाट बाहेरून आत येणारी. दरड सुटली की वणाच्या माथ्याशी आणि दोन्ही कडांना मातीचे उभे काप उघडे पडतात. ते फार काळ उभे राहू शकत नाहीत. पावसात भिजून, उन्हात तडकून, वरच्या झाडांच्या मुळांखालून पोखरून ते ढासळत राहतात आणि त्यांची माती वणात घरंगळते. त्यात वरच्या रानातून वाहून येणारा पालापाचोळा, फांद्या, मुळांचे गड्डे यांची भर पडते. ही आवक पहिल्या काही वर्षांत जोरात असते. काप हळूहळू बोथट झाले, उतार निवळला, की ती मंदावते. दुसरी वाट खालून वर येणारी: खुद्द खडक कुजून त्याचा मुरूम आणि मुरमाची माती होणे. ही वाट फार संथ आहे. पाणी खडकातल्या खनिजांना विरघळवते, मुळे भेगांत शिरून त्या रुंदावतात, वाळवी आणि गांडुळे खालचे कण वर आणतात, आणि एखादे मोठे झाड मुळासकट उन्मळले की त्याच्या गड्ड्याबरोबर खडकाचे तुकडेही उपटून वर येतात. जंगलातल्या उतारावर झाडांचे हे उन्मळून पडणे माती घडवण्याचे एक मोठे साधन आहे, हे लक्षात यायला संशोधकांनाही वेळ लागला.

दोन्ही वाटा मिळून जे घडते त्याचा आलेख काढला तर तो सुरुवातीला उभा चढतो आणि मग आडवा होत जातो. पहिल्या वीस-तीस सेंटिमीटरना जितका काळ लागतो त्याच्या अनेक पट काळ पुढच्या तितक्याच जाडीला लागतो. शिवाय वणाचा प्रत्येक भाग सारख्या गतीने भरत नाही. खालच्या टोकाला, जिथे लोंढा थांबला, तिथे माती आधीपासूनच असते आणि रान लवकर उभे राहते. माथ्याच्या कापाखाली घरंगळलेल्या मातीची पाचर साचते. मधला, उताराने सर्वांत तीव्र आणि कातळापर्यंत सोललेला पट्टा मात्र दशकानुदशके उघडा किंवा अर्धाउघडा राहू शकतो. दुरून हिरवा दिसणारा वण बहुतेक वेळा खालच्या टोकापुरता हिरवा असतो.

या विषयाचे मूळ शोधायचे तर अमेरिकेतल्या यूटा प्रांतातल्या हेन्री पर्वतापर्यंत जावे लागते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७७ साली त्या पर्वताचा अहवाल लिहिला. त्यात त्याने एक निरीक्षण मांडले. उघड्या खडकावरून पाणी निसटून जाते, म्हणून तो सावकाश कुजतो. त्यावर मातीचा पातळ थर असला तर ती माती ओल धरून ठेवते आणि खडक लवकर कुजतो. थर फार जाड झाला तर मात्र तीच माती जाड गोधडीसारखी खडकाला हवा-पाण्यापासून झाकते आणि कुजणे पुन्हा मंदावते. म्हणजे माती तयार होण्याचा वेग आधी असलेल्या मातीच्या जाडीवर अवलंबून असतो. ही कल्पना शंभराहून अधिक वर्षे कागदावरच राहिली. तिला मोजमापाची जोड द्यायचे साधन कुणाकडे नव्हते.

दरम्यान मृदाशास्त्र आपल्या वाटेने वाढत होते. रशियात वसिली दोकुचायेव यांनी १८८३ साली काळ्या मातीवरचा ग्रंथ लिहून माती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय केला. इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि इतका लहान प्राणी जमिनीचा वरचा थर सतत उलथापालथा करतो हे दाखवून दिले. हान्स येनी यांनी १९४१ साली कॅलिफोर्नियातून मांडणी केली की माती पाच गोष्टींनी घडते: हवामान, सजीव, उतार, मूळ खडक आणि काळ. येनींच्या या मांडणीतून एक पद्धत निघाली जी आजही सर्वाधिक वापरली जाते. एकाच डोंगररांगेत वेगवेगळ्या वर्षी पडलेल्या दरडी शोधायच्या, त्यांना वयाच्या क्रमाने लावायचे, आणि प्रत्येकीवरची माती मोजायची. पाच वर्षांचा वण, तीस वर्षांचा, ऐंशी वर्षांचा, असे शेजारी ठेवले की काळाची चाल दिसते. पद्धत सोपी आहे आणि फसवीही. दोन वण वयाने वेगळे असले तरी बाकी सगळ्यात सारखे आहेत हे तिने गृहीत धरलेले असते, आणि डोंगरात सारखे असे फार थोडे असते. या संग्रहातल्या लेखांत ही शंका जागोजागी उपस्थित होते, आणि ती व्हायलाच हवी.

१९७०च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर या विषयाला वेगळे वळण मिळाले. ओरेगॉनची किनारी डोंगररांग वालुकाश्माची, उंच डग्लस फरच्या जंगलाने झाकलेली आणि भरपूर पावसाची आहे. तिथे विल्यम डीट्रिक आणि थॉमस डन यांनी एका लहान पाणलोटाचा मातीचा जमाखर्च मांडला. तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यातून आणि पुढच्या कामातून उतारावरच्या खोलगट जागांकडे सर्वांचे लक्ष गेले. ओढ्याच्या उगमाच्या वर, जिथे अजून पाण्याची धार नसते, अशा चमच्याच्या आकाराच्या खोलगटी डोंगरात असतात. आजूबाजूच्या उतारांवरून माती तिथे सावकाश घरंगळत येते, साचते, आणि एखाद्या वादळात एकदम रिकामी होते. या खोलगटींच्या तळाशी सापडलेल्या कोळशाचे रेडिओकार्बन वय काढले गेले तेव्हा ते अनेक ठिकाणी काही हजार वर्षे आले, काही ठिकाणी दहा हजारांच्याही पुढे गेले. म्हणजे एका रात्रीत जी माती खाली आली ती तिथे माणसाच्या लिखित इतिहासापेक्षा जास्त काळ जमत होती.

मग १९९७ साली आर्जुन हायम्सॅथ, डीट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिल्बर्टच्या जुन्या प्रश्नाला आकडे दिले. अवकाशातून येणारे किरण खडकातल्या क्वार्ट्झवर आदळले की त्यात बेरिलियम-१० हा दुर्मीळ अणू तयार होतो. तो किती साचला आहे यावरून खडकाचा पृष्ठभाग किती वेगाने मातीत बदलतो आहे हे कळते. कॅलिफोर्नियातल्या टेनेसी व्हॅलीत त्यांना दिसले की मातीशिवायचा खडक दशलक्ष वर्षांत सुमारे ७७ मीटर या वेगाने माती होतो. याचा अर्थ एक सेंटिमीटरला साधारण एकशेतीस वर्षे. वर साठ सेंटिमीटर माती असेल तर हा वेग साधारण चौथाईवर येतो. ओरेगॉनच्या ठिसूळ वालुकाश्मावर वेग याच्या तिप्पट-साडेतीनपट निघाला. पातळ थराखाली वेग सर्वाधिक असतो हे गिल्बर्टचे म्हणणे या मोजणीत दिसले नाही. जाडीबरोबर वेग घटतच गेला. यावरून दोन पक्ष पडले आणि तो वाद अजून मिटलेला नाही. कडक, एकसंध खडकाच्या प्रदेशात गिल्बर्ट बरोबर असावा असे मला वाटते, कारण तिथे उघड्या दगडावर पाणी खरोखरच थांबत नाही.

जपानमध्ये हाच विषय निराळ्या गरजेतून वाढला. तिथे डोंगर तीव्र, पाऊस मोठा, गावे पायथ्याशी दाटलेली. १८९७ साली तिथे गाळ आणि दरडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि डोंगरउतारांची दुरुस्ती हे अभियंत्यांचे आणि वनशास्त्रज्ञांचे मिळून एक स्वतंत्र क्षेत्र बनले. त्यांचा प्रश्न थेट होता: या उतारावर पुन्हा दरड कधी येईल? कागोशिमा भागात सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकातून साचलेली राख आणि प्यूमिस यांचे जाड थर आहेत. त्यांना तिथे शिरासू म्हणतात. १९८०च्या दशकात एत्सुरो शिमोकावा यांनी तिथल्या दरडींच्या वणांवर उगवलेल्या झाडांची वाढवलये मोजून वणांची वये काढली आणि त्यांवर माती व झाडोरा कसा परतला हे क्रमाने लावून दाखवले. शिरासू इतकी मऊ असते की तिची माती लवकर होते, आणि त्यामुळे दरडींचे चक्रही शतकाच्या मापात फिरते. ग्रॅनाइटच्या डोंगरांवर तेच चक्र कितीतरी लांब. ओरेगॉनच्या खोलगटीचे हजारो वर्षांचे आणि कागोशिमाच्या उताराचे शतकाचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते: ‘माती परत यायला किती वर्षे लागतात’ या प्रश्नाला खडकाचे नाव घेतल्याशिवाय उत्तर नाही.

जपानी संशोधकांनी आणखी एक कल्पना रुजवली. ज्या उताराची माती नुकतीच गेली आहे त्याला काही काळ दरडीची बाधा होत नाही, म्हणजे तो जणू रोगप्रतिकारक झालेला असतो. या कल्पनेत तथ्य आहे. न्यूझीलंडमध्ये मायकेल क्रोझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रदेशाच्या पातळीवर नेली: एका वादळात एखाद्या खोऱ्यातली सुटण्याजोगी बरीचशी माती गेली असेल, तर पुढचे तितकेच मोठे वादळ तितक्या दरडी आणत नाही. पण ही कल्पना गावाला सांगताना फार जपावे लागते. वण रिकामा झाला म्हणजे शेजारचा भरलेला उतार रिकामा झाला असे होत नाही. शिवाय दरडीत सगळी माती जातेच असेही नाही. वणाच्या कडेला, ओढ्याच्या पात्रात आणि कापाच्या वर बरीच सुटी सामग्री उरते. केरळातल्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमलावर जी दरड आली, तिच्या माथ्याशी उपग्रहचित्रांत जुन्या दरडीच्या खुणा नोंदल्या गेल्या होत्या. मुंडक्कईला १९८४ सालीही दरडीने माणसे मेली होती. ‘इथे एकदा येऊन गेली, आता नाही येणार’ हे वाक्य म्हणूनच कुणीही, कोणत्याही शास्त्राच्या नावाने, उच्चारू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला होक्काइडोचे उदाहरण आहे. ६ सप्टेंबर २०१८च्या भूकंपात अत्सुमा गावाभोवतीच्या जंगली टेकड्यांवर हजारो उथळ दरडी सुटल्या. घसरला तो थर मुख्यतः तारुमाए ज्वालामुखीच्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकात पडलेल्या प्यूमिसचा होता. तिथे खडक कुजून नवी माती होईल, जंगलही येईल, पण जो थर घसरला तो परत यायचा तर ज्वालामुखीच पुन्हा उसळावा लागेल. काही माती परत येते, काही माती पुन्हा तशी कधीच येत नाही.

न्यूझीलंडचा अनुभव आपल्याला फार जवळचा वाटावा असा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला वसाहतवाल्यांनी तिथल्या मऊ खडकाच्या टेकड्यांवरचे जंगल साफ करून मेंढ्यांसाठी कुरणे केली. जुन्या झाडांची मुळे कुजली, आणि त्यानंतरच्या वादळांत टेकड्या सोलून निघाल्या. मार्च १९८८च्या बोला चक्रीवादळाने तर पूर्व किनारा खरवडून काढला. संशोधकांनी वैरारापा भागातल्या दरडींच्या वणांवर गवताचे उत्पादन वर्षानुवर्षे मोजले. पहिल्या वीस वर्षांत ते न ढासळलेल्या कुरणाच्या सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत चढले आणि तिथेच थांबले. पुढे वाढेल अशी चिन्हे दिसली नाहीत. तारानाकीत नोएल ट्रस्ट्रम आणि रॉन डी रोझ यांनी १९८८ साली वणांचे वय आणि मातीची जाडी यांचा संबंध मांडला, त्यातही हाच मंदावत जाणारा आलेख आहे. जी माती जंगलाखाली हजारो वर्षांत जमली होती ती गवताखाली परत येत नाही, निदान माणसाच्या हिशोबाच्या काळात तरी नाही. जंगल आणि कुरण यांतला फरक केवळ हिरवेपणाचा नाही, हे या आकड्यांइतके स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पर्यावरणशास्त्रज्ञांची वाट यांहून वेगळी. त्यांना मातीच्या जाडीपेक्षा तिच्यातल्या जिवाची काळजी. पोर्तो रिकोतल्या लुकिल्यो जंगलात लॉरेन्स वॉकर, डॅनियल झारिन आणि इतरांनी दरडींच्या वणांवरचा सजीवांचा क्रम अनेक वर्षे पाहिला. त्यांना दिसले की सेंद्रिय पदार्थ आणि झाडांना लागणारी पोषकद्रव्ये सुमारे अर्ध्या शतकात बऱ्यापैकी परत येतात, पण वाट सरळ नसते. उघड्या वणावर कधी नेच्यांची दाट जाळी पसरते. ती माती धरून ठेवते, पण झाडांच्या रोपांना सावलीत कोंडते, आणि जंगल यायला उशीर होतो. वडाच्या किंवा अंजिराच्या जातीचे एक बी एखाद्या पक्ष्याने टाकले तर सगळा क्रम बदलू शकतो. ओरेगॉनमध्ये हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधणारी अल्डरची झाडे वणावर आधी येतात आणि मातीचा पोत लवकर सुधारतात. सप्टेंबर २०१७मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोत ७० हजारांहून अधिक दरडी आणल्या. त्या सगळ्या वणांवर आता कुठे कशी माती जमते हे पाहणे हा तिथल्या संशोधकांचा पुढच्या अनेक दशकांचा उद्योग आहे.

झाडांची मुळे हा या सगळ्यांना जोडणारा धागा. जंगलतोडीनंतर दरडी लगेच वाढत नाहीत. तोडलेल्या झाडांची मुळे कुजायला काही वर्षे लागतात आणि नव्या रोपांची मुळे अजून पुरेशी वाढलेली नसतात. तोडीनंतरच्या तिसऱ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंतचा हा मधला काळ सर्वांत धोक्याचा असतो. अलास्का, ओरेगॉन आणि जपानमधल्या मोजण्यांवरून रॉय साइडल आणि इतरांनी हे मांडले. पातळ माती असेल तर मुळे तिला पार करून खडकाच्या भेगांत रुततात आणि थर खिळून ठेवतात. माती जाड होत गेली की मुळे खालच्या सांध्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षे भरत जाणारी माती एका मर्यादेपर्यंत जंगलाला बळ देते, आणि त्या मर्यादेपलीकडे जंगलालाही तिला धरून ठेवणे कठीण होत जाते. पुनर्भरणाची ही दुहेरी बाजू समजून घेतल्याशिवाय ‘झाडे लावा, दरडी थांबतील’ असे म्हणणे अर्धे खरे आहे. दरडींच्या बाबतीत अर्ध्या सत्याने माणसे मरतात.

आता आपल्या डोंगरांकडे. जुलै २००५मध्ये महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते; ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातले माळीण; २२ जुलै २०२१ला तळीये आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातले आंबेघर, मिरगाव; १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळवाडी. या सगळ्या दरडी एका प्रकारच्या नव्हत्या आणि त्यांची कारणेही एक नव्हती. पण प्रत्येकीनंतर चर्चा पाऊस, पुनर्वसन आणि भरपाई यांच्यापुढे गेली नाही. उतारावर काय उरले, काय परत येणार, कधी येणार, हे कुणी विचारले नाही. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ साली भारताचा दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८० हजार दरडी नोंदल्या आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणतेचा राष्ट्रीय नकाशा २०१४पासून तयार होत आला आहे. हे काम मोलाचे आहे. पण त्या हजारो ठिपक्यांपैकी प्रत्येक ठिपका ही आज मातीच्या पुनर्भरणाची एक प्रयोगशाळा आहे, आणि तिच्यात जाऊन दरवर्षी सळई ठोकणारी माणसे फार थोडी आहेत.

सह्याद्रीला बाहेरचे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. हा डोंगर लाव्हाच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. कातळाच्या उभ्या भिंती आणि त्यांमधले मातीचे सौम्य उतार, लाव्हाच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीची पट्टी आणि तिच्यावरून पाझरणारे झरे, माथ्यावर कुठेकुठे जांभा. वस्त्या बहुधा या पायऱ्यांवर आणि त्यांच्या पायथ्याशी असतात, कारण शेतीची माती आणि पाणी तिथेच मिळते. आणि ती माती अनेकदा आधीच्या दरडींनी आणूनच साचवलेली असते. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते, म्हणून टेनेसी व्हॅलीत वापरलेली बेरिलियमची पद्धत इथे सरळ लागू पडत नाही. दुसरी मापे शोधावी लागतात. पाऊस चार महिन्यांत तीन ते सहा हजार मिलिमीटर, मग आठ महिने कोरडे. पहिल्या टप्प्यात वणावर येणारी कारवी, धायटी, चांदाडा, नेचे ही आपली माणसे आहेत, ओरेगॉनचा अल्डर नव्हे. त्यांची मुळे किती खोल जातात, त्यांचा पाला किती लवकर कुजतो, कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलून वाळते तेव्हा उताराच्या मातीचे काय होते, या प्रश्नांना उत्तरे हवी आहेत.

एक जुने ज्ञान मात्र इथे आहे. वरकस जमिनीवर दोन-तीन वर्षे नाचणी, वरी घेऊन मग ती काही वर्षे पडीक टाकण्याची रीत कोकणात आणि मावळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. उतारावरच्या मातीला विसावा लागतो हे ती करणाऱ्यांना कुणी शिकवावे लागले नाही. पण त्या विसाव्यात परत येते ते मातीचे सत्त्व. तिची जाडी नव्हे. सत्त्व वर्षांत परत येते, सेंद्रिय संपत्ती दशकांत, आणि जाडी शतकांत किंवा सहस्रकांत. या वेगवेगळ्या गतींची गल्लत हीच धोरणांतली मूळ चूक आहे असे मी मानतो. पाच वर्षांत रोपे जगली की प्रकल्प यशस्वी ठरतो, आणि ज्या वरच्या सोललेल्या पट्ट्यात खरे काम करायचे असते तिथे कुणी फिरकत नाही, कारण तिथे रोप लागतच नाही. तिथे आधी माथ्याचा काप सौम्य करावा लागतो, आडव्या बांधांनी घरंगळणारी माती धरावी लागते, आणि मग वाट पाहावी लागते. जपानमधल्या तानाकामी डोंगरावर, जिथले लाकूड प्राचीन राजधान्या आणि मंदिरे बांधायला नेल्यामुळे ग्रॅनाइट शतकानुशतके उघडा पडला होता, मेजी काळापासून नेमके हेच काम केले गेले. तिथल्या जंगलाखालची माती अजून पातळ आहे, पण ती आहे.

हवामान बदलामुळे कमी वेळात जास्त पाऊस पडण्याच्या घटना पश्चिम घाटात वाढताहेत. याचा परिणाम सरळ ‘दरडी वाढतील’ इतकाच होईल असे नाही. ज्या खोऱ्यांत माती भरलेली आहे तिथे त्या वाढतील. ज्या खोऱ्यांतली माती आधीच्या पावसांत गेली आहे तिथे काही काळ कमी होतील, पण तिथे झरे आटतील, कारण उतारावरची मातीच पावसाचे पाणी धरून उन्हाळ्यापर्यंत सोडत राहते. आणि दोन वादळांमधले अंतर मातीच्या पुनर्भरणाच्या काळापेक्षा कमी झाले तर डोंगर हळूहळू कातळाकडे जातात. ही शक्यता कुणाला दूरची वाटत असेल तर त्याने न्यूझीलंडच्या टेकड्यांवरचे लेख आधी वाचावेत.

या संग्रहात चार बाजूंनी लिहिलेले लेख आहेत: भूरूपशास्त्र, मृदाशास्त्र, वनशास्त्र आणि डोंगरी शेती. लेखकांची मते एकमेकांशी जुळत नाहीत आणि ती जुळवून घेण्याचा प्रयत्न मुद्दाम केलेला नाही. माती खडकातून किती येते आणि कडेने किती, यावर दोन लेखांत सरळ विरोध आहे. वाचकाने दोन्ही वाचून आपल्या परिसरातला वण पाहावा. गणित जिथे टाळता आले तिथे टाळले आहे, पण उतार कधी सुटतो याचे साधे समीकरण ठेवले आहे, कारण मातीची जाडी, उताराचा कोन आणि पाण्याची पातळी यांचा मेळ त्याशिवाय नीट समजत नाही. अभियांत्रिकी उपायांचा तपशील, भिंती, जाळ्या, निचऱ्याच्या नळ्या, या पुस्तकात नाही. त्यावर चांगली पुस्तके आहेत. पुनर्वसनाच्या राजकारणावरही इथे काही नाही. तो विषय मोठा आहे आणि त्याला या पुस्तकात उरकून टाकणे अन्यायाचे झाले असते.

शेवटी एक प्रत्यक्ष कामाचा भाग जोडला आहे. शाळा, महाविद्यालये, वनरक्षक आणि गावातल्या तरुण मंडळांना कमी खर्चात करता येईल अशा मोजणीची कृती त्यात दिली आहे: वणाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत ठरलेल्या अंतरावर खुंट्या कशा रोवायच्या, दर डिसेंबरात, जमीन थोडी सुकल्यावर, सळईने जाडी कशी मोजायची, छायाचित्र त्याच जागेवरून, त्याच तासाला कसे घ्यायचे, आणि नोंदवहीत काय लिहायचे. दरडीचे वर्ष गावातल्या लोकांना पक्के ठाऊक असते. जगातल्या अनेक संशोधकांना झाडांची वलये मोजून जे वय काढावे लागले ते आपल्याकडे गावोगाव तोंडी उपलब्ध आहे. २००५ आणि २०२१च्या वणांवर अशी मोजणी सुरू झाली तर सह्याद्रीच्या मातीचा पुनर्भरणाचा वेग शिरासूच्या जवळचा आहे की ओरेगॉनच्या खोलगटीच्या, हे आपल्याच आकड्यांनी सांगता येईल. नोंदींचा नमुना तक्ता शेवटच्या पानांवर आहे. तो झेरॉक्स करून वापरायला मोकळा आहे.